अकरा मिनिटं

१२ सप्टेंबर

१. सकाळी १०.०५ : प्रयोगशाळेतल्या पेटीत रचलेल्या मातीच्या उतारावर कृत्रिम पाऊस सुरू.
२. १०.४१ : मातीत पुरलेल्या फायबरवरचा ताण एकदम वाढला. डोळ्यांना काहीच दिसेना.
३. १०.५२ : उतार कोसळला.

अकरा मिनिटं आधी! केसाएवढ्या काचेच्या धाग्याला कळलं, आम्हा तिघांना नाही.

प्रोफेसर रुओक्को म्हणाले, "अनिएल्लो पेटीला टेकला असेल." अनिएल्लो आमचा तंत्रज्ञ, कॉफीचा कप घेऊन कुठेतरी टेकलेलाच असतो. भडकला. "तीस वर्षं टेकतोय, प्रोफेसर! आजवर एक डोंगर पडला नाही!"

१३ सप्टेंबर

माती पुन्हा भरतेय. पाच-पाच सेंटिमीटरचे थर, प्रत्येकावर फायबर. ही ज्वालामुखीची राख आमच्या गावामागच्या उतारावरची, बाबांच्या हेझलनटच्या बागेतली. बागेच्या खालीच त्यांचं घर. मी तीन वर्षांची असताना पावसात डोंगर कोसळून चिखल शेजारच्या गल्लीपर्यंत आला होता. ते अजून तिथेच राहतात. एकटे.

म्हणून हा आकडा खरा हवा. मला आवडला म्हणून नव्हे.

१८ सप्टेंबर

अनिएल्लो दाराबाहेर. कुलूप मीच लावलं. बाहेरून ओरडला, "पोरी, माझ्या कोपराची एवढी कीर्ती होईल असं वाटलं नव्हतं!"

ताण वाढला. दहा मिनिटं चाळीस सेकंदांनी माती गेली.

मी किंचाळले. मी!

रुओक्को चष्मा पुसत राहिले. "तिसऱ्यांदा करा." अनिएल्लोने त्यांच्यापुढे कोपर धरलं — "आधी याची माफी मागा."

२२ सप्टेंबर

तिसऱ्यांदाही! अकरा मिनिटं वीस सेकंद.

बाबांना फोन केला. म्हणाले, "म्हणजे आता डोंगर तुला फोन करणार? बरं आहे. तू मला करत नाहीस, तो तरी तुला करेल!" खूप हसलो दोघं.

२४ सप्टेंबर, रविवार

गावी. बाबांच्या दारापासून शाळेच्या मैदानापर्यंत, म्हणजे डोंगर आला तर जमायच्या जागेपर्यंत, त्यांच्याबरोबर चालले. गुडघ्यामुळे दोनदा थांबले ते. घड्याळ लावलं होतं, त्यांना सांगितलं नाही.

एकोणीस मिनिटं.

पेटीतली मिनिटं डोंगराला जशीच्या तशी लागू होत नाहीत. तिथे जास्त मिळतील. किंवा कमी.

२५ सप्टेंबर

आत्या नोला शहरात राहते, डोंगरापासून लांब. फोनवर हसण्यावारी नेतील, म्हणून बाबांना पत्र टाकलं. एवढंच :

"बाबा, पावसाचे महिने नोलाला आत्याकडे राहा. हो की नाही ते शनिवार, ३० सप्टेंबरपर्यंत कळवा."