चूक माझी, माफी तुमची

युसूफ वडगाव
२१ एप्रिल २०२४

ती. धर्मराजकाका, रोहिणीचा वाकून नमस्कार.

काकूंचा गुडघा कसा हाय? चकलांब्याला नळ येतोय का? इकडं कारखान्याचं गाळप संपलं, ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडं गेल्या, ऑफिसात माशा मारणं चाललंय. तुमच्या टेबलावर झेरॉक्सचं मशीन ठेवलंय. चहाला हाक मारणारं कुणी राहिलं न्हाई.

फोन करणार होते. तीनदा नंबर लावला, तीनदा कट केला. तोंडानं बोलायची हिंमत न्हाई, म्हणून हा कागद.

ऊसनोंदीचा तुमचा जुना कोबोलचा प्रोग्रॅम काढून मी जावा भाषेत नवा लिहिला, तेव्हा लई शहाणपणा केला. तुमचा प्रोग्रॅम फाइल उघडायचा, क्रमांकावरून एक नोंद काढायचा, ती अडवून धरायचा, बदलून परत लिहायचा, मगच सोडायचा. तोवर दुसऱ्या कारकुनानं थांबायचं. मी चारचौघांत म्हणाले, काका, हे म्हणजे अख्ख्या गावाच्या विहिरीला एकच पोहरा. माझ्याकडं प्रत्येक शेतकरी एक ऑब्जेक्ट, म्हणजे सुटी वस्तू. डेटाबेसमधून ज्यानं त्यानं आपली प्रत घ्यायची, कुणी कुणासाठी थांबायचं न्हाई. दोघांनी एकाच वेळी एकच नोंद काढली तर, एवढंच तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, ते प्रोग्रॅमची तयार लायब्ररी बघून घेते.

लायब्ररी काही बघत न्हाई. तिला सांगावं लागतं. मी सांगितलंच नव्हतं.

भामाबाईच्या उसाची नोंद केजच्या ऑफिसातल्या कारकुनानं उघडली, त्याच वेळी इथं आपल्या प्रवीणनं. केजवाल्यानं तोडीची तारीख भरली. प्रवीणनं नुसता मोबाइल नंबर दुरुस्त केला, पण सेव्ह नंतर केलं. त्याच्या प्रतीत तारखेची जागा कोरी, आणि अख्खी नोंद तशीच लिहिली गेली. तारीख पुसली. बाई दोनदा ऑफिसात आली, आम्ही म्हणालो, तुमच्या उसाची पाळी येईल. उसाला तुरे आले, आतून पोकळ झाला, शेवटी जनावरांपुढं टाकला.

फेब्रुवारीच्या मीटिंगीत एमडी साहेबांनी विचारलं, तेव्हा हे मला माहीत होतं. आदल्या दिवशीच सापडलं होतं. नोकरी पक्की व्हायची होती काका, आणि मी म्हणाले, "जुन्या फाइलीतूनच तारीख कोरी आली असंल." तुम्ही एकदा माझ्याकडं बघितलंत. मीटिंगीला बोलावलेली भामाबाई तुमच्यापुढं येऊन उभी राहिली. "वर्साचं पीक उभं वाळवलं की ओ सायेब तुमी."

तुम्ही हात जोडलेत. "चुकलं, माय."

आठ दिवसांत तुमची निवृत्तीनंतरची मुदतवाढ रद्द झाली आणि माझी ऑर्डर निघाली. मी पेढे वाटले. तुम्हालाही दिला. तुम्ही खाल्लात, आणि निघताना हळूच म्हणालात, लिहायच्या आधी परत एकदा वाचून बघत जा पोरी. मला वाटलं, म्हातारं माणूस उपदेश करतंय.

परवा प्रोग्रॅम दुरुस्त केला. आता सेव्ह करताना तो नोंद परत वाचतो, मधे कुणी बदलली असली तर अडवतो. चार ओळींचं काम. त्या लिहिताना उमगलं, तुम्ही मला ह्याच चार ओळी सांगितल्या होत्या. म्हणजे तुम्हाला सगळं कळलं होतं. मग काहून हात जोडलेत काका? ओरडला असता, थोबाडीत दिली असती, तर मी आज जेवले तरी असते.

एमडी साहेबांना सगळं लेखी दिलंय. नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे. काल भामाबाईकडं गेलते. शिव्या खायच्या तयारीनं सगळं सांगितलं. ती माझ्यावर चिडली न्हाई. ओसरीच्या खांबाला टेकून रडायला लागली. उसासाठी न्हाई. "देवमाणसाला मी सगळ्यांदेखत बोलले गं," म्हणाली.

तुमच्या पाया पडल्याशिवाय तिच्या जिवाला थारा न्हाई, म्हणून गुरुवारी आम्ही दोघी येतोय. तिला आत घ्या. मी फाटकाशी थांबीन.

पत्राखाली 'तुमची' लिहायला पेन धजेना, म्हणून नुसतीच

रोहिणी