नाकारलेला घाट

बाई, काल माझं एक जुनं चित्र विकलं गेलं. एका हॉटेलवाल्याने मेन्यूकार्डासाठी काढायला सांगितलं होतं आणि मग नको म्हणाला होता. इंटरनेटवर एक बाजार आहे, तिथे चित्रकार आपली पडून राहिलेली कामं विकायला ठेवतात. तिथे ते कुणा अनोळखी माणसाला आवडलं. नाकारलेलं चित्र असं विकायचं, हे तुला कुणी शिकवलं, असं मुलीने विचारलं, तेव्हा मी तुमच्याबद्दल सांगायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तिने तुम्हाला पाहिलेलंही नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुणतांब्याहून नगरला आले आणि दिल्ली दरवाजाजवळच्या तुमच्या दुकानात लेबलं, लग्नपत्रिका काढायला लागले. सगळ्या बाजारात हे काम करणाऱ्या बाई तुम्ही एकट्याच. सुप्याच्या एका कारखानदाराला धुण्याच्या पावडरीसाठी पाकीट हवं होतं. मी आमच्या गावचा घाट काढला, निळं पाणी, पायऱ्यांवर सकाळचं ऊन. त्यात तीन आठवडे गेले. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "ह्यात कपडे कुठं हायेत?" तो गेल्यावर मी कागद फाडायला घेतला, तर तुम्ही माझं मनगट धरलंत. "त्याला नको हाय. म्हंजी कुनालाच नको, असं हाय का?"

त्याच्या पुढच्या आठवड्यात आपण देवळाजवळच्या दुकानदारांना चित्रं दाखवायला एस. टी. ने शिंगणापूरला निघालो, तुमच्या मांडीवर नाकारलेल्या चित्रांची फाईल होती. निघण्यापूर्वी तुम्ही कारखानदाराला फोन करून त्याची परवानगी घेतलीत. चित्र आपलं असताना विचारायचं कशाला, असं मी म्हटलं. "काम त्यानं सांगितलं हुतं. इचारलं तर काय झिजतंय?" असं म्हणून तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात. पेढे विकणाऱ्या एका बाईने प्रसादाच्या पिशवीसाठी माझा घाट निवडला. तिने तो बराच वेळ हातात धरला होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की मी चित्रकार आहे.

तुम्ही दर्शनाला गेलात तेवढ्यात समोरच्या दुकानदाराने तसंच चित्र मागितलं. मी होकार दिला आणि नंतर पाण्याचा रंग बदलून तेच चित्र त्याला पोचवलं. तुम्हाला सांगितलं नाही. महिन्याभरात एकाच गल्लीत दोन दुकानांत एकच घाट. पेढेवाली बाई समोरच्या दुकानाची पिशवी घेऊन नगरला आली आणि तिने ती तुमच्या टेबलावर ठेवली. तिच्यासमोर तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. ती गेल्यावर म्हणालात, "एक चित्र दोघांना द्यायचं तर दोघांनाबी आदी सांगायचं. न सांगता दिलं, की ती फसवनूक." मग ब्रश घेऊन दोन दिवस बसलात आणि समोरच्या दुकानदारासाठी नवं चित्र काढलंत, माझ्या घाटापेक्षा कितीतरी सुंदर. ते घेऊन मला एकटीला पाठवलंत. "तुजी चूक हाय, तूच सांग."

आता त्या इंटरनेटच्या बाजारात चित्र ठेवताना आधीच लिहावं लागतं, ते एकालाच विकायचं की अनेकांना. मुलीला वाटतं हा नवा नियम आहे.

हे मी कुणाला पाठवणार नाही, म्हणून लिहिते. शिंगणापूरच्या त्या दुकानदारासमोर माझी जीभ वळली नाही. मी म्हणाले, बाईंकडून चूक झाली. पुढे तो नगरला आला, तुमच्या समोर बसला आणि म्हणाला, "बाई, तुमी मोट्या मनाच्या. आपली चूक अशी कोन कबूल करतं?" मी रंग कालवत होते, मान वर केली नाही. तुम्ही म्हणालात, "व्हय, चुकलंच." मग त्याच्यासाठी चहा सांगितलात. तुम्ही मला त्यावर कधीच काही विचारलं नाही, आणि मीही कधी बोलले नाही.