वरच्या खोलीतली ऊब

प्रिय भाऊ इनेस,

तुझ्या मुलींचे समुद्रावरचे फोटो मिळाले. नोव्हेंबरात दोघी अनवाणी वाळूत उभ्या आहेत हे पाहून आई म्हणाली, "मोजे तरी घाला म्हणावं त्यांना." ऑकलंडला उन्हाळा लागलाय हे तिला ठाऊक आहे, पण इथल्या थंडीत बसून पटत नाही. फोनवर तिचा खोकला तुला ऐकू आला असेलच. गेल्या फेब्रुवारीत तिला अ‍ॅबर्डीनच्या इस्पितळात ठेवलं होतं, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं की आणखी एक हिवाळा गार घरात काढणं तिच्या छातीला झेपणार नाही. मला तेव्हा थोडा रागच आला. गार घर कुठलं? दर रविवारी मी तिच्याकडे जेवायला जाते आणि बसायच्या खोलीत मला स्वेटर काढून ठेवावा लागतो.

या शरद ऋतूपासून मी ग्रंथालय सुटल्यावर चर्चच्या सभागृहात जाते. बाबांबरोबर होड्या बांधायचा तो वॉटी आठवतो ना, त्याने तिथे एक मंडळ काढलंय. ज्यांना घर गरम ठेवणं परवडत नाही, त्यांच्या घरांची डागडुजी आम्ही फुकट करतो. दाराखालच्या फटीला ब्रशची पट्टी लावायची, खोली तापवणाऱ्या रेडिएटरमागे चकचकीत कागद डकवायचा, माळ्यावर ऊब धरणाऱ्या लोकरीसारख्या आवरणाचे जाड थर अंथरायचे. मंडळातली डोरीन जुन्या पडद्यांना अस्तर शिवते आणि तोंड कधी मिटत नाही. पहिल्याच दिवशी मी स्क्रू हातात घेऊन निरखत बसले, तर म्हणाली, "ग्रंथपालबाई, तो वाचायचा नसतो, फिरवायचा असतो." मला तिथे फार बरं वाटतं. हे बरं वाटणं कुणासाठी आहे, त्या लोकांसाठी की माझ्यासाठी, असा प्रश्न मी डायरीत लिहून ठेवलाय. उत्तर अजून लिहिलेलं नाही.

पाहणीचं काम माझ्याकडे आहे. आधी फोन करून जायचं, घर बघायचं, जिथे गारठा जास्त तिथे आधी माणसं पाठवायची. गंमत अशी की जवळजवळ प्रत्येक घर मला उबदार सापडत होतं. मी तसं प्रामाणिकपणे कळवत होते आणि ती घरं यादीत मागे पडत होती. मग एकदा बंदरामागच्या मिसेस गेडिसकडे माझा मफलर राहिला. कोपऱ्यावरूनच परतले, तर त्यांनी दार उघडलं ते ओव्हरकोट घालून. गॅसची शेगडी बंद. माझा चेहरा पाहून म्हणाल्या, "अगं, तू पाहुणी होतीस. पाहुण्यांना कुडकुडत बसवायला मी काय गोठ्यात राहते?" वॉटीला सांगितलं तर तो हसून हसून बाकावर बसला. "म्हणजे इतके दिवस आपण गावभर हिंडून आपल्यासाठीच पेटवलेली ऊब तपासत होतो. आणि मूर्ख कोण, तर मी. पाहुणे यायचे म्हटल्यावर माझी बायको तरी दुसरं काय करते?" सगळेच हसले, मीही हसले. घरी चालत येताना मात्र हसू विरलं. आईच्या घरी रविवारी पाहुणी कोण असते, ते मला उमगलं होतं.

मंगळवारी न कळवता गेले. किल्ली माझ्याकडे आहेच. आई स्वयंपाकघरात होती. अंगात कोट, डोक्यावर बाबांची लोकरीची टोपी, मांडीवर गरम पाण्याची पिशवी. तिचा श्वास मला दिसत होता. मला पाहून तिने आधी टोपी काढली, मग म्हणाली, "आज काय रविवार आहे?" मी घरभर हात लावत फिरले. सगळे रेडिएटर बर्फासारखे. चालू होता तो एकच, वरच्या मजल्यावर, तुझ्या खोलीतला. तिथे पलंगावर धुतलेली चादर होती आणि इतकी ऊब की खिडकीची काच कोरडी होती. मी विचारलं तर ती चिडली. "ती खोली गार पडली की ओल धरते. पोरगं अचानक आलं आणि गादीला कुबट वास मारला, तर कसं दिसेल? एवढं सगळं घर तापवायला मी काय राणी आहे?"

मंडळाचं नाव काढताच ती म्हणाली, "ते गरिबांसाठी आहे." मग मी सांगितलं की आमच्याकडे नवी माणसं आलीत, त्यांना शिकायला एक घर हवंय. हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं, आणि ते मला अजून बोचतंय. ती राजी झाली. "शिकू देत, पण माझ्या दारावर ओरखडा उठला तर वॉटीचे कान उपटीन." माणसं घेऊन आला तेव्हा त्याने निमूटपणे कान पुढे केले. दिवसभर तिने सगळ्यांना जवाचं सूप वाढलं, डोरीनचे टाके वाकडे आहेत म्हणून स्वतः दोन पडदे उसवून पुन्हा शिवले. इतक्या खुशीत मी तिला कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. आता फटी बुजल्यात, वारा आत येत नाही. पण वरचा रेडिएटर मंद करायला वॉटी जिना चढू लागला, तेव्हा ती वाटेत उभी राहिली. "तिथे हात लावायचा नाही." तो मला हळूच म्हणाला, "वरचा बंद केला तर तेवढ्याच पैशांत खालच्या दोन खोल्या तापतील, पोरी. नाहीतर आपण नुसते पडदे शिवले." काल मी तिच्याकडेच झोपले, आई पुन्हा रात्रभर खोकत होती.

इनेस, जूनमध्ये तू मला सांगितलंस की तुम्ही तिथे घर घेतलंय, मुली तिथेच शिकतील, आणि तू आता परत येणार नाहीस. आईला हळूहळू सांगू, असं आपलं ठरलं. आपण दोघांनी ते इतकं हळूहळू केलंय की अजून सुरुवातही झालेली नाही. ती प्रत्येक फोनवर विचारते, परत कधी येतोस, आणि तू म्हणतोस, "बघू, पुढच्या वर्षी." मी शेजारी बसून गप्प राहते. त्या एका शब्दावर ती अख्खा हिवाळा तुझी खोली तापवते आणि स्वतः गारठते. मी सांगितलं तर तिला वाटेल, मला तुझा हेवा वाटतो. कदाचित थोडा वाटतही असेल. म्हणून हे तुझ्याच तोंडून यायला हवं. मी तुला परत बोलावत नाहीये, रागावलेलीही नाही. तुझं तिथे चांगलं चाललंय याचा मला मनापासून आनंद आहे, आणि तिलाही होईल, रडून झाल्यावर. या रविवारी फोन कर. मी तिच्याजवळ बसलेली असेन. मुलींबद्दल सांग, नव्या घराबद्दल सांग, तिला तिकडे यायचं आमंत्रण दे. आणि तिने विचारलं, की ती विचारेलच, तर या वेळी "बघू" म्हणू नकोस.

तुझीच,
मॉर्वेन