झुलाल आबांची विहीर आणि आमच्या तीन संध्याकाळी

ती. सुनंदाअक्का,

धाकट्या भावाचा, म्हणजे लीलाधरचा, इथून वाकून केलेला नमस्कार थेट सुरतेच्या उधन्यापर्यंत पोचावा. दाजींनाही तोच नमस्कार अर्धा द्यावा. त्यांच्या गुडघ्याचं कसं काय? मागे तू म्हणाली होतीस की डॉक्टरने जिना चढायला मना केलंय आणि ते मात्र गच्चीवर पतंग बघायला जातात. त्यांना सांग, वय झालं की पतंग खालूनही दिसतो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. आमच्या सौ. दिपमालाची कंबर मध्ये धरली होती, पण माहेरी लग्न निघाल्याबरोबर सुटली.

हा फोन असताना पत्र का लिहीत बसलाय, असं तू म्हणशील. अक्का, गेल्या अडतीस वर्षांत फोनवर तू मला तीन वाक्यांच्या पुढे जाऊ दिलेलं नाही. तिसऱ्या वाक्याला तुझ्याकडे दूधवाला येतो किंवा कुकर शिट्टी देतो. आणि मला जे सांगायचं आहे ते तीन वाक्यांत बसणारं नाही. आपल्या घराण्याची अब्रू गेली आणि परत आली. ती कुठल्या वाटेने गेली आणि कशी आली, ते तुला सविस्तर कळलं पाहिजे.

तर, गावच्या वाचनालयाला यंदा पंचाहत्तर वर्षं झाली. मी तिथला मानद चिटणीस (मानद म्हणजे झाडू मारण्यासकट सगळं). वर्धापनदिनाला काहीतरी करायचं ठरलं. माझ्या डोळ्यासमोर रांगोळी स्पर्धा होती. पण आमची मयुरी मध्ये पडली. औषधनिर्माणाची पदवी घेतल्यापासून तिला सगळ्याच गोष्टींचं निदान दिसतं. ती म्हणाली, पप्पा, तीन संध्याकाळी गावाला एकत्र बसवू. पहिल्या दिवशी स्वातंत्र्य, दुसऱ्या दिवशी हक्क, तिसऱ्या दिवशी स्थलांतर. बाहेरचा वक्ता नको, गावातल्याच माणसांनी बोलायचं. एकतीस वर्षं मी इतिहास शिकवलाय, तेव्हा गावातलं माणूस म्हणजे मीच, असं मी धरून चाललो आणि लगेच हो म्हणालो.

फ्लेक्सचं काम शिंदखेड्याच्या ललितला दिलं. मजकूर मी मोबाईलवर पाठवला. ललितच्या दुकानात वर्षाचे नऊ महिने लग्नाचे फ्लेक्स निघतात आणि उरलेले तीन महिने वाढदिवसाचे. त्याने 'स्थलांतर' हा शब्द वाचला, मास्तरांच्या हातून चूक झाली असं मनाशी ठरवलं, आणि मला न विचारता ती सुधारली. फ्लेक्स आला तो असा: दोन्ही कोपऱ्यांत मंगलकलश, मध्ये एकमेकांत गुंफलेले दोन हात, आणि खाली ठळक अक्षरांत 'स्वातंत्र्य, हक्क व स्थळ'. मी तो पाहायच्या आत तो बसस्टँडसमोर लागलाही होता.

पहिल्या संध्याकाळी वाचनालयाचं पटांगण गच्च भरलं. मला भरून आलं. आजूबाजूच्या पाच गावांतून माणसं आलेली, सगळी स्वच्छ कपड्यांत, टोप्या घालून, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी. मी स्वातंत्र्यावर पन्नास मिनिटं बोललो. कोणी हललं नाही. एवढं शांत ऐकणारा वर्ग मला नोकरीत कधी मिळाला नव्हता. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उठून अतिशय नम्रपणे म्हणाले की गुरुजी, स्वातंत्र्याचं समजलं, पण मुलीकडची मंडळी किती वाजता येणार? तेव्हा कुठे उलगडा झाला. पिशव्यांमध्ये बायोडाटे होते. एकूण सव्वीस मुलांचे बाप आणि मुलीचा एकही नाही. (तुला इकडची परिस्थिती माहीत आहेच. मुलाला पाच एकर केळी असली तरी मुली विचारतात, पुण्यात काय आहे?) मयुरीने माईक घेतला आणि चूक झाल्याचं सांगून माफी मागितली. चहा मात्र सगळ्यांना दिला. सव्वीसच्या सव्वीस बाप चहा पिऊन गेले, आणि जाताना आपापला बायोडाटा वाचनालयाच्या संदर्भग्रंथांच्या कपाटावर ठेवून गेले. असू द्या म्हणाले.

आता दुसरी संध्याकाळ. अक्का, इथून पुढे जरा बसून वाच.

विषय हक्क. त्या दिवशी मी वाचनालयाच्या पटांगणालगतच्या गावविहिरीपाशी एक दगड बसवणार होतो. आपल्या आजोबांच्या, झुलाल आबांच्या नावाचा. तुला गोष्ट पाठच आहे. स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीयेच्या, आपल्या आखाजीच्या, आदल्या दिवशी, आबांनी स्वतः पाणी शेंदलं आणि पलीकडच्या वस्तीतल्या ठगूबाईच्या घागरीत ओतलं, आणि तिला सांगितलं की आजपासून तू तुझ्या हाताने भर. तोवर त्या वस्तीतल्या बायांना विहिरीला हात लावता येत नव्हता. कोणी वरून ओतलं तर पाणी, नाहीतर नाल्यातला झिरा. ही गोष्ट मी एकतीस वर्षं दर पंधरा ऑगस्टला शाळेत सांगितली. एका वर्षी तर ती सांगताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं आणि ध्वजाची दोरी हातातून सुटली. दगडावर कोरलं होतं, 'ही विहीर सर्वांस खुली करणारे कै. झुलाल आबा'. वर कापड टाकलं होतं. सरपंचांच्या हातात कात्री होती (कापडाला कात्री लागत नाही, पण त्यांना ती लागते).

मयुरीने त्या दिवशी भिकुबाईंना बोलावलं होतं. ठगूबाईची मुलगी ती. आज चौऱ्याऐंशीची आहे, त्या वेळी आठ वर्षांची असेल. माझी कल्पना अशी, की म्हातारी दोन शब्द आबांविषयी बरं बोलेल आणि फोटो निघेल. मी माझी गोष्ट सांगितली, टाळ्या झाल्या. मग मयुरीने माईक भिकुबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो आधी उलटा धरला, मग सुलटा, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गुरुजी, बठ्ठं चांगलं सांगं तुम्ही. पन मी तठेच व्हती. एक गोट राही गयी."

त्यांनी जी राहिलेली गोट सांगितली ती अशी. त्या दिवशी ठगूबाई आणि वस्तीतल्या सहा बाया आपापले दोर आणि घागरी घेऊन, कोणाला न विचारता, विहिरीवर आल्या. कायदा झालाय एवढं त्यांनी बाजारात ऐकलं होतं. गावातली माणसं जमली. आणि त्यांना अडवायला विहिरीच्या काठावर पाय पसरून कोण बसलं, तर आपले आबा. हातात काठी. ठगूबाई एक पाऊल पुढे आली. आबांनी काठी उगारली. काठी उगारायला माणूस मागे झुकतो, आणि मागे विहीर होती.

अक्का, आबा विहिरीत पडले.

भिकुबाई शांतपणे पुढे सांगू लागल्या. पाणी छातीभर होतं, आबांना पोहता येत नव्हतं, आणि जमलेल्या गावापैकी एकाकडेही दोर नव्हता. दोर होते ते त्या सात बायांकडेच. ठगूबाईने आपला दोर खाली सोडला. आबांनी तो धरला. तिने ओढायच्या आधी वाकून विचारलं, "आबा, आते पानी भरूत का?" आणि आतून आवाज आला, "भरा माय, भरा. पन पहिले माले काढा."

आधी एक बाई हसली, मग तिच्या मागची, मग सगळं पटांगण. सव्वीस बापांपैकी चार-पाच जण त्या दिवशीही आले होते, तेही हसले. सरपंच हातातल्या कात्रीसकट हसत होते. मी तेवढा हसलो नाही. कार्यक्रम संपला असं जाहीर करून टाकलं आणि दगडावरचं कापड तसंच ठेवून घरी आलो. दिपमाला स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून उभी होती. मी विचारलं तर म्हणाली, कांदा चिरतेय. कांदा कुठेच नव्हता.

मला राग कशाचा आला म्हणशील तर सांगता येत नाही. म्हातारी खोटं बोलतेय असं स्वतःला पटवायचा मी जेवण होईपर्यंत प्रयत्न केला. मग सकाळी उठून तोताराम नानांकडे गेलो. आबांचा हा एकच मुलगा आता उरलाय, तेव्हा अकरा वर्षांचा होता. कान गेलेत, पण डोकं शाबूत आहे. मी ओरडून विचारलं, नाना, आबा विहिरीत पडले होते का? सगळ्या गल्लीने ऐकलं. नाना म्हणाले, "पडनाच व्हता तो. धोतर मीच वाळत घालं व्हतं. तीन दिन कोनशी बोलना नही." मग इतकी वर्षं सांगितलं का नाही, असं विचारलं तर म्हणाले, कोणी विचारलंच नाही. मी तुला विचारतो अक्का, आपण तरी का विचारलं नाही? आबा पाण्याजवळ गेले की काठावर कधी बसत नसत, नेहमी चार हात लांब उभे राहत, हे मी लहानपणी स्वतः पाहिलंय. मला वाटायचं, आदर म्हणून.

तिथून तसाच भिकुबाईंच्या घरी गेलो. जाताना मनात वाक्यं जुळवत होतो, पण दारात उभा राहिल्यावर एकच सुचलं ते बोललो, की बाई, एकतीस वर्षं मी पोरांना चुकीचं शिकवलं, तो दगड काढून टाकतो. त्यांनी मला बसायला गोधडी टाकली, पाणी दिलं. मी पाणी प्यायलो. मग म्हणाल्या की आबा पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी गावातली चार माणसं विहिरीला काटे लावायला आली होती. आबा त्यांच्या आडवे उभे राहिले. मी शब्द दिलाय म्हणाले. "त्यानं नाव पुसू नको. विहिरना आतमाईन का व्हयना, शब्द दिधा, मंग फिरना नही. पन मन्ही मायनं नाव पहिले लाव."

दगड फोडायचा नव्हता आणि दुसरा आणायला वेळ नव्हता. शेवटी पाथरवटाने तोच दगड उलटा केला. मागची बाजू कोरी होतीच. तिच्यावर ठगूबाईचं नाव आणि बाकीच्या सहा बायांची नावं कोरली (सहावं नाव आठवायला भिकुबाईंना दुपार लागली, तोवर पाथरवटाने तीनदा चहा घेतला). ही बाजू आता रस्त्याकडे आहे. आबांचं नाव विहिरीच्या आतल्या बाजूला तोंड करून आहे. ऐतिहासिकदृष्ट्या जागा बरोबर आहे. तिसऱ्या संध्याकाळी कापड भिकुबाईंनीच काढलं, हाताने. माझं भाषण ठरलेलं नव्हतं, पण मी उभा राहिलो आणि मी सांगत आलेली गोष्ट चूक होती असं माईकवर म्हणालो. या वेळी टाळ्या कमी होत्या, पण मला त्या जास्त ऐकू आल्या.

त्यानंतर स्थलांतर. या विषयावर मी 'कारणे व परिणाम' असं नऊ मुद्द्यांचं टिपण काढलं होतं. मयुरीने ते कुठेतरी ठेवलं आणि आमच्या मागच्या खोलीत राहणाऱ्या सुकदेवला पुढे केलं. हा बिहारचा, नरडाण्याच्या एमआयडीसीत कामाला आहे. सात वर्षं आमच्याकडे भाड्याने राहतोय, पण तो इथे आला कसा हे मीही कधी विचारलं नव्हतं (न विचारण्याचा गुण आपल्या घराण्यात आहेच). तो म्हणाला, घरून निघालो होतो सुरतसाठी. नरडाण्याला गाडी थांबली म्हणून बाटलीत पाणी भरायला उतरलो, आणि गाडी गेली. पिशवी गाडीत, मी नळावर. तेव्हापासून इथेच आहे. पिशवी मात्र सुरतला पोचली असणार. सगळे हसले. मग त्याने विचारलं की ज्यांच्या घरचं कोणी सुरतला आहे त्यांनी हात वर करा. पटांगणात एकही हात खाली राहिला नाही. मीही केला, तुझ्यासाठी. सुकदेव म्हणाला, "यहाँ मैं बाहर का हूँ. वहाँ आपके घरवाले बाहर के हैं. तो मेहमान तो सब हैं." आणि खाली बसला. माझे नऊ मुद्दे राहूनच गेले, पण काही कमी पडल्यासारखं वाटलं नाही. कार्यक्रमाच्या शेवटी मी जाहीर सांगितलं की माणसाला जिथे पोट आणि मान मिळेल तिथे जाण्याचा हक्क आहे, आणि त्याला कोणी अडवू नये. हे वाक्य माझंच आहे. दोन स्थानिक बातमीदारांनी ते लिहून घेतलं.

असो. तुझी तब्येत जप, चहात साखर कमी घाल. दाजींना गच्चीवरून खाली उतरव.

तुझा धाकटा भाऊ,
लीलाधर

ता. क. : खरं काम सांगायचं राहिलं. मयुरीला तुमच्या सुरतला एका औषध कंपनीत नोकरी लागतेय. हॉस्टेलवर राहते म्हणते. मी नाही म्हटलेलं नाही. विचार करतो म्हटलंय, त्याला आता सतरा दिवस झाले. तुझा शब्द ती मोडत नाही. तर तू तिला फोन कर आणि सहज बोलल्यासारखं सांग की सुरतची हवा तुला मानवणार नाही, इथे गर्दी फार, आणि पगार दिसतो तेवढा हातात पडत नाही. मी सांगितलं असं म्हणू नकोस.

ता. क. २ : दिपमालालाही कळू देऊ नकोस.

ता. क. ३ : आत्या, मी मयुरी. पप्पांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, कारण घरात डिंक कुठे असतो ते त्यांना माहीत नाही. तिकीट आईने काढलंय, रविवारचं. मी त्यांना आज संध्याकाळी समोर बसून सांगणार आहे. हॉस्टेलची खोली एक तारखेपासून मिळेल, तोवर तुझ्याकडेच राहीन. फोन करून मला समजवायचंच असेल तर रविवारनंतर कर. तुझ्या घरचा फोन मीच उचलेन.