पहिला नळ

पिंपळवाडी, ता. मुळशी
२८ जानेवारी २००४

चि. दयानंदास अ. आ.

परवाच्या ग्रामसभेत पाणी समितीचं अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलं. नळाचं काम बघणाऱ्या भिकूने सहा वर्षांच्या वह्या पुढ्यात टाकल्या. त्या अजून वाचून झाल्या नाहीत, पण निम्म्या गावाने पाणीपट्टी भरलेली नाही, एवढं कळलं. पंपाचं वीजबिल तुंबलंय. मार्चअखेर भरलं नाही तर वीज तोडतील आणि सगळं गाव कोरडं पडेल. वसुलीला गेले की चहा मिळतो, पैसे मिळत नाहीत. तू तिकडे नांदेडला पाणीपट्टी वसुलीचाच साहेब, तेव्हा बहिणीलाही थोडी अक्कल शिकव.

आई बरी आहे. दिवसभर तुझ्या भाडेकरूंच्या पोरांवर ओरडते, तेवढाच व्यायाम. पत्र लिहीत जा, साहेब झालास तरी.

तुझी,
लीलाक्का

नांदेड
६ फेब्रुवारी २००४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

अध्यक्षीणबाई, अभिनंदन! आधी तो चहा बंद करा. नोटीस द्यायची, पंधरा दिवस थांबायचं, सोळाव्या दिवशी नळ तोडायचा. आणि पहिला नळ आपल्यातल्याच कुणाचा तरी तोडायचा. इथे मी साडूचा तोडला. बायको महिनाभर बोलली नाही, पण त्याच आठवड्यात खिडकीसमोर रांग लागली. कुणी रडलं तरी विरघळू नकोस.

आईला नमस्कार सांग. तुझी माया आहे तशीच राहो.

तुझा,
दयानंद

पिंपळवाडी
७ मार्च २००४

चि. दयानंदास अ. आ.

तुझं पत्र समितीत वाचून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग वह्या नीट लावल्या तर सगळ्यांत मोठी थकबाकी माझ्या माहेरची, आपल्याच घराची निघाली, दंडासह सात हजार दोनशे. बाबा गेल्यापासून घर तुझ्या नावावर, चार खोल्यांचं भाडं तुला येतं. पाणीपट्टीही तूच भरत असशील असं मी समजत होते. नोटीस तुला रजिस्टरने पाठवली. पोचपावतीवर सही तुझीच आहे. पंधरा दिवस वाट पाहिली.

परवा भिकूने नळ तोडला. मी समोर उभी होते. आई ओट्यावर बसून बघत होती. कालपासून एकतीस घरांनी पैसे भरले. आईला दोन हंडे पाठवले, ते तिने परत केले आणि स्वतःच हापशावर जाते.

काय ते लवकर कर.
लीलाक्का

नांदेड
१४ मार्च २००४

सौ. अक्कास न.

नोटिसा लोकांना द्यायच्या असतात, घरच्यांना नाही, एवढं तुला कळायला हवं होतं. मी मुद्दाम थांबलो होतो. मार्चअखेर सवलत निघते, दंड माफ होतो. आमच्या खात्यात हे सगळ्यांना माहीत असतं. आधी भरतो तो मूर्ख. चौऱ्याहत्तर वर्षांची आई हापशावर जाते, हे तुला बघवतं कसं? तू भरले असतेस तर काय बिघडलं असतं? आज नळ जोड, पैशांचं मी नंतर बघतो.

दयानंद

पिंपळवाडी
२९ मार्च २००४

चि. दयानंदास आशीर्वाद.

नळ जोडलेला नाही. भाडं तू घ्यायचं आणि पाणीपट्टी मी भरायची, हे मला जमणार नाही. आज तुझा जोडला तर उद्या त्या एकतीस घरांना काय सांगू? सवलत अजून आलेली नाही. दोन भाडेकरू खोल्या सोडून गेले. पंपाचं बिल मात्र भरलं, गावाला पाणी आहे.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं, मूर्ख शब्दासकट. दोनदा वाचलं. ती म्हणाली, माझा दया साहेब हाय, त्याला लई कामं असत्यात, तूच आतल्या गाठीची. आता रोज हापशावर बायांना सांगते की लेकीने माझं पाणी तोडलं. तुझं नाव घेत नाही. मला फार लागलं, दया. सहा वर्षं तिचं दुखणंखुपणं मी काढलं.

काल तिने शेजारच्या गंगूबाईकडून निरोप धाडला. मरताना तोंडात पाणी घालायचं ते दयाच्याच हातचं, लीलीच्या हातचं नगं. तेव्हा तेवढ्यापुरता तरी वेळेवर ये.

लोभ मागत नाही.
लीला