पेटीवरचा बोंडू

मालवण
ता. १४ मार्च १९८४

ती. जयरामदादास,
शुभदाचा नमस्कार.

माईचा खोकला कमी आहे. बाबा बरे आहेत. आमच्या दवाखान्यात एक्स-रेचं नवं यंत्र आलं. मी ते एकटीने चालवते.

कुत्रा असूनही डॉक्टरांनी परवानगी दिली, म्हणून त्यावर मी बोंडूच्या पायाची फिल्म काढली. मागचा डावा पाय, नडगीचं हाड, एकच आडवी चीर. तुकडे सरकलेले नाहीत. गुरांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. काल तो तीन पायांवर विहिरीपर्यंत जाऊन आला. वाचला, दादा.

गेल्या आठवड्यात मंगळवारी किनाऱ्यावर चोरट्या घड्याळांचा माल उतरला. पोलीस वाडीतलं घर न् घर तपासत आले. आपल्याकडे तुझी कुलूपबंद पेटी आणि तिच्यावर बोंडू. हवालदाराने कुलपाला हात लावताच तो गुरगुरला, पण जागचा हलला नाही.

"कुत्रा एवढा राखतोय म्हणजे माल आतच," हवालदार म्हणाला. "काढा त्याला, नाहीतर मी काढतो."

माईने भाकरी दाखवली. बाबांनी पट्टा ओढून पाहिला. मग बंदुकीचा दस्ता दोनदा बसला.

"मुक्या जनावराक कित्याक मारतास?" बाबा ओरडले.

कुलूप तोडलं. आत तुझा निळा शर्ट, गळांचे दोन डबे आणि बाबांची जुनी टोपी, हरवली म्हणून ते वर्षभर कुरकुरत होते ती. बाबांनी ती झटकली. "बघून घेवा, हवालदारानू! माझ्या जयरामाचो खजिनो!"

तुझ्या नि बाबांच्या भांडणाला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तुझं नाव त्यांनी आज पहिल्यांदा घेतलं, असं माई त्या संध्याकाळी म्हणाली.

आता टाळत होते ते लिहिते. जाताना तू मला एकटीला खूण दाखवली होतीस: पेटीच्या कडेवर तीनदा टकटक केलं की बोंडू उठतो. मी चार हातांवर उभी होते. खूण आठवत होती. केली नाही. तू पेटी कुणालाच उघडू दिली नव्हतीस, म्हणून आत आधीची तसलीच घड्याळं असतील, पेटी उघडली तर तू पकडला जाशील, असं मला वाटलं. दस्ता दुसऱ्यांदा वर गेला तेव्हाही मी गप्प होते.

मोडक्या पायाने तो रोज पेटीकडे सरपटत जायचा. परवा मी तीनदा टकटक केलं. तो लगेच माझ्याकडे आला आणि हात चाटू लागला. त्याला काही कळलेलं नाही. तुला कळावं म्हणून लिहिलं.

प्लास्टर २१ एप्रिलला काढणार आहेत. त्या दिवशी ये. बाबा तीच टोपी घालून एसटी स्टँडवर येणार आहेत.

तुझ्यावर संशय घेतलेली,
तुझीच
शुभा