ओरडतानाचा फोटो

घरच्या कारभाऱ्यांना दुरून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. मांजरीला दूध घालता ना?

नात फोटोग्राफी शिकतेय, पण तिनं माझी पार शोभा केली! परीक्षेला माणसाचा फोटो हवा होता. मी इस्त्रीची साडी नेसून, गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले, तर म्हणते, "आजी, खांबासारखी काय बसलीस गं!" मग हळूच म्हणाली, "आजोबांनी गोळ्या बंद केल्यात." मी जी उसळले, तेवढ्यात हिनं बटण दाबलं!

तोंड उघडं, पदर घसरलेला, अर्धा फोटो नुसती भिंत! म्हटलं, "फोटो माझा की भिंतीचा?" तर म्हणे, माणूस जिकडे बघतं तिकडे जागा सोडायची असते. मास्तरांना तोच आवडला. आता मोठा करून शाळेत लावलाय. चारचौघांत माझं असलं थोबाड! पण पोरीचा चेहरा एवढा फुलला होता, हो म्हटलं. दोनदा बघूनही आले, ते सोडा.

गोळ्यांचं मला उसळवायला तिनंच रचलं, असं ती म्हणते. पण मी तुम्हाला ओळखून आहे. खरं काय ते लगेच लिहा. घेत असाल तर महिनाभर राहते. नसाल तर पहिल्या गाडीनं येते, मग फोटो बघायची गरजच पडणार नाही.

अजून धुसफुसणारी,
तुमचीच